बास्केटबॉलमध्ये गार्ड म्हणून करिअर: नाशिकच्या खेळाडूंचे आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक शहर, सिन्नर, ओझर, मालेगाव इथून हे प्रश्न सतत येत असतात. काही मुलांचे आहेत, बरेचसे आई-वडिलांचे. एका उत्तरात येऊन गेलेली गोष्ट पुन्हा लिहिलेली नाही, त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. गार्ड म्हणजे नेमकं कोण? पॉइंट गार्ड आणि शूटिंग गार्ड यांत फरक काय?

पाच खेळाडूंपैकी जे दोघे रिंगपासून लांब, चेंडू हाताळत खेळतात ते गार्ड. पॉइंट गार्ड चेंडू समोरच्या रिंगकडे आणतो, कोणती चाल खेळायची ते सांगतो आणि बाकीच्या चौघांना योग्य जागी चेंडू पोचवतो. शूटिंग गार्डचं मुख्य काम लांबून गुण मिळवणं आणि समोरच्या संघाच्या सर्वांत चपळ खेळाडूला अडवणं.

घड्याळाकडे बघितलं की पॉइंट गार्डचं काम किती अवघड आहे ते कळतं. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे ८ सेकंदांत मध्यरेषा ओलांडायची आणि २४ सेकंदांत रिंगला लागणारा शॉट हातातून सुटायला हवा. निर्णयासाठी उरतात जेमतेम १६-१७ सेकंद. त्यात चेंडू हातात धरून उभे राहिलात आणि बचावपटू एका मीटरच्या आत आला, तर ५ सेकंदांत पास, शॉट किंवा ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटत नेणं) करावाच लागतो.

जिल्हा आणि राज्य पातळीवर दोन्ही कामं येणाऱ्या गार्डला जास्त मागणी असते. त्यामुळे सोळाव्या वर्षापर्यंत ‘मी फक्त शूटर’ असा शिक्का मारून घेऊ नका.

२. मुलगा तेरा वर्षांचा आहे, उंची कमी आहे. आम्ही दोघंही बुटकेच. निदान गार्ड म्हणून तरी चालेल का?

चालेल, पण ‘निदान’ हा शब्द मनातून काढा. उंची नाही म्हणून गार्ड, असा हिशोब करणारी मुलं पुढे टिकत नाहीत.

कमी उंचीची उदाहरणं खरी आहेत. मग्सी बोग्ज ५ फूट ३ इंचांचा होता आणि एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, १४ हंगाम खेळला. जपानचा युकी तोगाशी १६७ सेंटिमीटरचा, युकी कावामुरा १७२ सेंटिमीटरचा. कावामुरा २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिक खेळला आणि त्याच वर्षी मेम्फिसच्या संघातून एनबीएत उतरला. या तिघांत सारखी गोष्ट कोणती, ते बघा: पहिल्या दोन पावलांचा वेग, जमिनीलगतचा ड्रिबल, आणि पूर्ण मैदानभर समोरच्या गार्डला सुखाने चेंडू आणू न देणारा बचाव.

बुटक्या गार्डला फ्लोटर हवाच, म्हणजे उंच बचावपटूचा हात पोचण्याआधी एका पायावरून वर सोडलेला मऊ शॉट. आणि दोन-तीन गोष्टी बऱ्या असून भागत नाही. एक गोष्ट इतरांपेक्षा खूपच चांगली लागते.

३. नाशिकमध्ये सुरुवात कुठून करायची? मार्ग कसा असतो?

दोन वाटा समांतर चालतात, दोन्ही धरायच्या.

पहिली शालेय. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांच्या स्पर्धा घेतं. नाशिक महानगरपालिका, मालेगाव महानगरपालिका आणि ग्रामीण भाग यांचे संघ वेगवेगळे धरले जातात. जिंकलेला संघ विभागाला, तिथून राज्याला जातो. प्रवेशिका शाळेनेच भरायची असते, पालकांना थेट भरता येत नाही. म्हणून शाळा सुरू झाली की जूनमध्येच क्रीडाशिक्षकांना भेटा. आधार कार्ड आणि जन्मदाखल्यावरचं नाव किंवा तारीख जुळत नाही म्हणून ऐन स्पर्धेत बसून राहावं लागलेली मुलं दर वर्षी दिसतात.

दुसरी वाट संघटनेची: जिल्हा संघटनेची निवड चाचणी, मग राज्य अजिंक्यपद, त्यातून महाराष्ट्राचा संघ आणि भारतीय बास्केटबॉल महासंघाची राष्ट्रीय स्पर्धा. इथले वयोगट शाळेपेक्षा वेगळे असतात, त्यामुळे एका गटातून वय उलटलं तरी दुसरीकडे संधी असू शकते.

४. आमच्या शाळेचा संघ पहिल्याच फेरीत हरतो. माझ्या मुलीचा खेळ कोणी बघतच नाही.

शालेय स्पर्धेची ही मोठी अडचण आहे. पुढे संघ जातो, एकटी खेळाडू जात नाही. दुबळ्या संघातली चांगली गार्ड तिथेच अडकते.

उपाय संघटनेच्या वाटेत आहे (प्रश्न ३), कारण जिल्ह्याच्या चाचणीत निवड व्यक्तीची होते. त्याशिवाय क्लबकडून खुल्या स्पर्धा खेळवा. मुंबईत नागपाडा, पुण्यात डेक्कन जिमखाना, नागपुरात शिवाजीनगर जिमखाना ही या खेळाची जुनी घरं आहेत. नाशिकच्या मुलीने वर्षातून दोन-तीनदा तिथल्या संघांविरुद्ध खेळावं. हरली तरी तिथला प्रेस, म्हणजे पूर्ण मैदानभर दबाव टाकणारा बचाव, कसा अंगावर येतो ते कळतं. ते इथल्या सरावात कळत नाही.

शाळा बदलण्याचा निर्णय मात्र घाईने घेऊ नका. नव्या शाळेत संघ आहे का, इतकंच विचारून भागणार नाही. आठवड्यातून किती दिवस सराव असतो आणि तिच्या जागी आधीच दोन मोठ्या मुली आहेत का, हे विचारा.

५. रोज किती आणि कसला सराव करावा?

संघाचा सराव सोडून स्वतःचे ७५ ते ९० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. चौदा-पंधरा वर्षांच्या गार्डसाठी साधारण वाटणी अशी:

पहिली १५ मिनिटं ड्रिबल. निम्मा वेळ कमकुवत हाताला द्या. मान वर ठेवा. समोर कोणीतरी बोटं दाखवावीत आणि ड्रिबल करता करता तुम्ही आकडा सांगावा. हे जमेपर्यंत पायांमधून, पाठीमागून असले प्रकार शिकण्यात अर्थ नाही.

पुढची २० मिनिटं रिंगजवळचे शॉट: दोन्ही हातांनी ले-अप (धावत येऊन रिंगजवळून सोडलेला शॉट), उलट्या पायावरून ले-अप, दोन पायांवर थांबून शॉट, फ्लोटर. जवळ कोणी असेल तर त्याला उशी किंवा दप्तर घेऊन अंगाला धक्का द्यायला सांगा. धक्क्याशिवाय शिकलेला ले-अप सामन्यात रिंगवरून बाहेर येतो.

मग शॉट. टाकलेले मोजू नका, पडलेले मोजा: पाच जागांवरून मिळून १५० पडेपर्यंत. निम्मे पास घेऊन, निम्मे ड्रिबलवरून. तीन गुणांची रेषा ६.७५ मीटरवर असते. तिथपर्यंत चेंडू नेण्यासाठी खांदा मागे ओढावा लागत असेल, तर एक मीटर आत या. ताकद येण्याआधी लांबून मारायची घाई केली की शॉट कमरेतून सुटायला लागतो, आणि ती सवय मोडायला दोन वर्षं जातात.

फ्री थ्रो ओळीने पन्नास मारू नका. दोन मारा, बेसलाइनपासून बेसलाइनपर्यंत एकदा धावून या, पुन्हा दोन. सामन्यात ते तसेच येतात, धाप लागलेली असताना.

बारा वर्षांखालच्या मुलांना ५ क्रमांकाचा चेंडू द्या. शक्य असेल तिथे रिंग ३.०५ ऐवजी २.६० मीटरवर घ्या. त्यावरच्या मुलींचा चेंडू ६ क्रमांकाचा. बऱ्याच मैदानांवर त्यांना ७ क्रमांकाचाच देतात, तो देऊ नका.

६. पिक अँड रोल शिकलो, पण सामन्यात जमत नाही. काय चुकतं?

पिक अँड रोलमध्ये साथीदार तुमच्या बचावपटूच्या वाटेत उभा राहतो (ही स्क्रीन), तुम्ही त्याच्या बाजूने निघता आणि मग तो रिंगकडे वळतो. यात बहुतेकदा तीनच गोष्टी चुकतात.

एक, स्क्रीन लागण्याआधी निघणं. स्क्रीन करणाऱ्याचे पाय स्थिर होईपर्यंत थांबा, नाहीतर त्याला फाउल मिळतो. दोन, स्क्रीनपासून लांबून जाणं. तुमचा खांदा त्याच्या कमरेला घासून जायला हवा. मध्ये जागा सोडली की तुमचा बचावपटू त्यातून सरकतो. तीन, आणि ही सर्वांत मोठी: नजर स्वतःच्या बचावपटूवर. तो मागे पडलेलाच आहे. बघायचं ते स्क्रीन करणाऱ्याच्या बचावपटूकडे, म्हणजे समोरच्या उंच खेळाडूकडे.

तो मागे रिंगकडे थांबला, तर मधल्या अंतरावरून शॉट किंवा फ्लोटर. तो बाहेर तुमच्या अंगावर आला, तर दोन ड्रिबल मागे घ्या, त्याला ओढा आणि रिंगकडे वळलेल्या साथीदाराला पास द्या. दोघांनी माणसं बदलली, तर घाई करू नका. उंच खेळाडू तुमच्यासमोर आहे, त्याला जागा करून वेगाने घ्या. तुमचा बचावपटू स्क्रीनच्या मागून गेला, तर तिथेच तीन गुणांचा शॉट. रोज प्रत्येक प्रकार दहा-दहा वेळा, आणि बचावात कोणता प्रकार येणार ते आधी न सांगता.

७. समोरचा संघ पूर्ण मैदानावर प्रेस करतो तेव्हा आमचा गार्ड चेंडू घालवतो.

चेंडू जातो कुठे ते बघा. बहुतेक वेळा मध्यरेषा ओलांडल्याबरोबर बाजूच्या कोपऱ्यात. तिथे मध्यरेषा आणि बाजूची रेषा हे दोन आयते बचावपटू असतात, त्यात दोन माणसं आली की वाट बंद. मैदानाच्या मध्यातून वर या. दोघे अंगावर येताना दिसले की ते पोचण्याआधी पास द्या, पोचल्यावर नाही. ड्रिबल थांबवायचा नाही.

शेवटच्या दोन मिनिटांसाठी एक नियम प्रशिक्षकाने वापरावा. आपल्या अर्ध्या भागातून चेंडू आत घ्यायचा असताना टाइम-आउट घेतला, तर चेंडू पुढच्या अर्ध्या भागातून घेण्याचा पर्याय मिळतो. प्रेस मोडण्याचा त्याहून सोपा उपाय नाही.

८. निवड चाचणीत गार्डकडे काय बघतात? नाव नाही, ओळख नाही.

चाचणीत सगळे गुण मारायच्या मागे असतात. दहा अनोळखी खेळाडूंत चेंडू एकदा हातातून गेला की परत येत नाही, म्हणून पोरं पहिल्याच संधीला शॉट मारतात. निवड करणाऱ्यांना हा खेळ पाठ असतो.

दिसायचं असेल तर बोला. बचावात स्क्रीन येताना ओरडून सांगा, साथीदाराला जागा दाखवा. पहिले दोन ताबे पास द्या, त्यानंतर मिळालेला मोकळा शॉट न कचरता मारा. परत बचावात धावत या; चाचणीत हे दहातले दोघेच करतात. मुंबईत चाचणी असेल तर आदल्या दिवशी जा. पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी निघून थेट मैदानावर उतरणाऱ्याचे पाय पहिल्या तासात जड असतात, आणि चाचणी बहुधा पहिल्या तासातच ठरते.

९. स्वतःचे कोणते आकडे लिहून ठेवावेत?

असिस्ट (ज्यावर साथीदाराने गुण केले असे पास) आणि टर्नओव्हर (घालवलेले चेंडू) यांचं प्रमाण: दोनास एक म्हणजे चांगलं, तीनास एक म्हणजे उत्तम. फ्री थ्रो ८० टक्के. तीन गुणांचे ३३ टक्के पडले तर ते दोन गुणांच्या ५० टक्क्यांइतकेच होतात. त्याखाली असाल तर आत घुसणं जास्त फायद्याचं. समोरच्या गार्डने किती गुण केले तेही लिहा. वही हवी, आठवणीवर भिस्त नको.

१०. नाशिकमध्ये बहुतेक मैदानं सिमेंटची. पावसाळ्यात तर शेवाळ येतं. काय करावं?

सिमेंटवर जाड, कडक रबराच्या तळव्याचे बूट घ्या. इनडोअरचे मऊ तळवे दोन-तीन महिन्यांत गुळगुळीत होतात आणि मग घोटा जातो. चेंडू रबराचा घ्या; चामड्याचा सिमेंटवर खराब होतो. उड्यांचा व्यायाम सिमेंटवर करू नका, माती किंवा गवत शोधा.

जून ते सप्टेंबर ओल्या मैदानावर खेळण्यापेक्षा पार्किंगमध्ये ड्रिबल, भिंतीवर पास आणि ताकदीचे व्यायाम करा. पांडवलेणीच्या पायऱ्या चढण्यासाठी चांगल्या आहेत, पण उतरताना चालत उतरा. गुडघ्याच्या वाटीखालचं दुखणं पळत उतरण्याने वाढतं. आणि गार्डला लांब पल्ल्याच्या धावण्यापेक्षा २० मीटरच्या वेगवान धावा, मध्ये २० सेकंद विश्रांती, हे जास्त उपयोगी.

११. दहावी-बारावीला खेळ बंद करावा का?

पूर्ण बंद नको. आठवड्यातून तीन दिवस ४५ मिनिटं ड्रिबल आणि शॉट ठेवा. राज्य किंवा त्यावरच्या स्तरावर खेळल्यास मंडळाच्या परीक्षेत सवलतीचे गुण मिळू शकतात. प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडून मंडळाकडे जातो. मुदत चुकली की गुण गेले, म्हणून प्रमाणपत्र हातात पडल्याच्या आठवड्यातच शाळेत द्या.

१२. कॉलेज निवडताना काय बघावं?

नाशिकची बरीच कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून नाशिक विभागाचा संघ निघतो, आंतरविभागीय स्पर्धेतून विद्यापीठाचा, आणि तो पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळतो. नोकरीच्या भरतीत या प्रमाणपत्राला वजन असतं (प्रश्न १३). हजेरीची सवलत तोंडी नको, लेखी घ्या.

१३. भारतात बास्केटबॉलवर पोट भरतं का?

फक्त लीगवर, वर्षभर, आजघडीला बहुतेकांचं भरत नाही. हे स्पष्ट लिहिणं आम्हाला गरजेचं वाटतं. यूबीए ही लीग २०१५ मध्ये सुरू झाली आणि दोन-तीन वर्षांत थांबली. आयएनबीएल ही दुसरी लीग २०२२ मध्ये सुरू झाली. हंगाम लहान असतात, करार तेवढ्यापुरते.

म्हणून भारतातला व्यावसायिक गार्ड बहुधा नोकरदार खेळाडू असतो: रेल्वे, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक, सेनादलं, पोलीस. भारताचा कर्णधार राहिलेला वाराणसीचा विशेष भृगुवंशी ओएनजीसीचा. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड संघाने त्याला करारबद्ध केलं आणि २०२० मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला.

रेल्वेच्या खेळाडू कोट्यात १०० गुणांची विभागणी असते: कामगिरी ५०, मैदानी चाचणी ४०, शिक्षण १०. वय १८ ते २५, त्यात सवलत नसते. म्हणजे २४ व्या वर्षी जागं होऊन उपयोग नाही. १८ ते २२ या चार वर्षांत राष्ट्रीय किंवा आंतरविद्यापीठ प्रमाणपत्रं जमायला हवीत.

राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा उपसंचालक कार्यालयातून करून घ्यावी लागते. जाहिरात येण्याची वाट बघू नका, आधीच करून ठेवा. मंडळांच्या, नेत्यांच्या वाढदिवसाच्या चषकांची प्रमाणपत्रं इथे धरली जात नाहीत.

१४. नोकरी लागली. मग बाहेरची लीग खेळता येते का?

कार्यालयाचं लेखी ना हरकत प्रमाणपत्र असेल तर. लीगचा हंगाम आणि खात्याच्या स्पर्धा एकाच वेळी आल्या तर नोकरी देणारा संघ पहिला. करारावर सही करण्याआधी परवानगी घ्या, नंतर मागितलेली बरेचदा नाकारली जाते.

१५. मुलींसाठी वाट वेगळी आहे का?

टप्पे तेच, नोकऱ्यांत रेल्वेचा वाटा मोठा. चेन्नईच्या अनिता पॉलदुराई यांना २०२१ मध्ये आणि वाराणसीच्या प्रशांती सिंग यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली. मराठी घरातल्या मुलीसमोर हे उदाहरण ठेवा.

वेगळी काळजी गुडघ्याची. एसीएल (गुडघ्यातला एक मुख्य अस्थिबंध) तुटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा बराच जास्त असतो. उडीवरून उतरताना गुडघे आत वळतात का, ते मोबाइलवर समोरून चित्रित करून बघा. वळत असतील तर आठवड्यातून तीनदा, १५ मिनिटं उतरण्याचा आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम द्या.

१६. मी सेंटर (रिंगजवळचा उंच खेळाडू) खेळायचो. सगळे आता माझ्याहून उंच झाले. सतराव्या वर्षी गार्ड होता येईल?

पॉइंट गार्ड होणं अवघड, शूटिंग गार्ड होणं शक्य. रिंगजवळ खेळलेल्याला पाय रोवणं आणि धक्का सोसणं येतं, ते भांडवल आहे. कमी असतो तो ड्रिबल. पहिलं वर्ष एकच ध्येय ठेवा: पास घेऊन तीन गुणांचा शॉट, किंवा जास्तीत जास्त दोन ड्रिबलांत रिंग. बाकी प्रश्न ५ प्रमाणे.

१७. अमेरिकेत कॉलेज किंवा एनबीएचं स्वप्न ठेवावं का?

कागदपत्रं आणि खेळ दोन्ही वेळेत असतील तर कॉलेजचं ठेवा. तिथल्या पहिल्या श्रेणीसाठी १६ मूळ विषय लागतात आणि मोजणी नववीपासून होते. नववीची गुणपत्रिका जपा. भाषा, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं धरली जातात. पुस्तपालनासारखे विषय नाही. बारावीनंतर वर्षानुवर्षं अकादमीत घालवली तर खेळायची वर्षं कमी होऊ शकतात. पगाराच्या करारावर सही करण्याआधी पात्रतेवर काय परिणाम होईल ते विचारा.

एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेत, दोन फेऱ्या आणि सगळ्या जगासाठी सुमारे ६० जागा. ड्राफ्टच्या वर्षी वयाची १९ वर्षं पूर्ण व्हायला हवीत. परदेशी खेळाडू २२ व्या वर्षी आपोआप पात्र ठरतो. भारतातून निवडला गेलेला पहिला खेळाडू सतनाम सिंग, २०१५ मध्ये ५२ वा. तो सेंटर होता. भारतीय गार्डसाठी त्याआधीची पायरी म्हणजे आशिया-ऑस्ट्रेलियातल्या लीग.

१८. एजंट पैसे मागतो. द्यावेत का?

आगाऊ ‘नोंदणी शुल्क’ मागणाऱ्याला नाही. आंतरराष्ट्रीय हस्तांतरासाठी फिबाचा (जागतिक बास्केटबॉल संघटनेचा) परवाना असलेला एजंट हवा आणि त्याचं मानधन पगाराच्या १० टक्क्यांपर्यंतच असू शकतं. परदेशी क्लबसाठी आपल्या महासंघाचं मुक्ततापत्र लागतं. १८ वर्षांखाली असं हस्तांतर फक्त अपवादाने मिळतं. पगार थकला तर जिनिव्हातल्या लवादाकडे जाता येतं, पण करारात तसं कलम असेल तरच. ते बघूनच सही करा.

१९. ३×३ खेळल्याने गार्डचा खेळ बिघडतो का?

नाही. ३×३ म्हणजे तीन-तीन जणांचा खेळ: अर्धं मैदान, शॉटसाठी १२ सेकंद, २१ गुण किंवा १० मिनिटं. एकास एक खेळ पक्का होतो. बिघडतो तो फक्त वेळेचा अंदाज. पाच जणांच्या स्पर्धेआधी दहा दिवस ३×३ थांबवा.

२०. सर्दीची गोळी, दम्याचा पंप, जिमची पावडर: डोपिंगमध्ये येतं का?

येऊ शकतं. सर्दीच्या अनेक गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन ठरावीक मर्यादेपुढे स्पर्धेदरम्यान निषिद्ध आहे. साल्ब्युटामॉलचा पंप २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत, त्यातही कोणत्याही ८ तासांत ६०० पर्यंत चालतो. ग्लुकोकॉर्टिकॉइड प्रकारच्या (दमा, सूज यांवरच्या) स्टेरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन स्पर्धेदरम्यान निषिद्ध. उपचारासाठी लागत असेल तर नाडाकडून (राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक संस्थेकडून) आधी सूट घ्या. पावडरच्या डब्यावर न छापलेले घटक सापडतात, त्यामुळे ‘दुकानदाराने सांगितलं’ हे कारण चालत नाही.

२१. एसीएलची शस्त्रक्रिया झाली. सहा महिन्यांत परत येऊ का?

नऊ महिन्यांआधी सामना नको. त्याआधी परतणाऱ्यांत पुन्हा तुटण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं. महिने भरले तरी दोन्ही पायांची ताकद आणि एका पायावरची उडी जवळपास सारखी हवी. या काळात खुर्चीत बसून ड्रिबल आणि फॉर्म शॉट करता येतात, आणि गार्डने जुने सामने बघून प्रत्येक टर्नओव्हरचं कारण लिहावं.

२२. तिशीनंतर काय?

वेग कमी होतो तेव्हा गार्ड पॉइंटकडून शूटिंगकडे सरकतो. पाय कमी लागतात, शॉट तोच राहतो. त्यानंतर प्रशिक्षण किंवा पंचगिरी. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षणाची पदविका आणि सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम असतो. सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम नोकरीतल्या खेळाडूला सुट्टी जोडून करता येतो, तेव्हा तो खेळत असतानाच, २८-२९ व्या वर्षी उरकून घ्या.